वकीलसाहेबांची गाडी आणि पाव फेरा

माझा डावा कान उजव्यापेक्षा काळा आहे. मुलं लहान होती तेव्हा आईला विचारायची, बाबांचा एकच कान असा का? ती सांगायची, बाबांचा तो कान दुकानात कामाला जातो आणि दुसरा घरी बसून असतो. घरी बसणाऱ्या कानाला काही ऐकू येत नाही, हे तुम्ही रोज पाहताच.

खरं कारण फुंकणी. पण ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. संपादकांनी कळवलंय की तुमच्या हातून गेलेल्या गाड्यांबद्दल लिहा. 'हातून गेलेल्या' हे त्यांनी सहज लिहिलं असेल. मला ते लागलं.

आमचा जिल्हा नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेला त्याच साली मी घाटंजीला, आठवडी बाजाराच्या वाटेवर, लिंबाखाली दुकान टाकलं. राज्य बदललं तरी खड्डे तेच होते, तेव्हा धंदा चालेल असा माझा हिशेब. पाटी मोठी केली होती, पत्र्याची, निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत 'मोटार मेकॅनिक'. त्या पाटीखाली बहुतेक वेळा स्टोव्ह, कंदील आणि शिलाईची यंत्रं असायची. गावात खासगी मोटार एकच, तीही वकीलसाहेबांची.

काम मी यवतमाळला एका उस्तादाकडे शिकलो. शिकलो म्हणजे उघडायला शिकलो. जोडायला दुकान टाकल्यावर शिकलो, गिऱ्हाइकाच्या मालावर.

ज्यांना गाडीचं पोट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजीन नुसतं पेट्रोल पीत नाही. पेट्रोल हवेत मिसळून त्याचं धुकं करावं लागतं, आणि ते धुकं इंजिनात जाऊन पेटतं. हे धुकं करणारं भांडं म्हणजे कार्बुरेटर. चुलीचाच न्याय आहे. लाकडं फार कोंबली तर धूर, फार कमी घातली तर भाकर कच्ची. त्या काळच्या कार्बुरेटरला पितळेचा एक पेच असायचा, टोकाला सुईसारखा. आत फिरवला की पेट्रोल कमी, बाहेर फिरवला की जास्त. सगळी विद्या त्या पेचात. आमच्या घरची चूल फुंकायची फुंकणी घ्यायची, एक टोक इंजिनाला आणि एक कानाला लावायचं, आणि पेच थोडा आत, थोडा बाहेर करत ऐकायचं. आवाज एकसारखा झाला की थांबायचं. थांबायचं कळतं तो मिस्त्री. बाकीचे फिरवत राहतात. फुंकणीच्या काजळीनं कान काळा होतो तो होतोच. घाटंजीत लोक माझा कान पाहूनच ओळखायचे की आज स्टोव्ह नाही, आज मोटार आली होती.

गिऱ्हाइकं एकेक होती. एका किराणा दुकानदाराची फटफटी सुरू होईना, तर कार्बुरेटरमध्ये कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. मी ते काढलं तर तो म्हणाला, पिल्लं उडाल्यावर काढायचं होतं, पाप कशाला. दुसऱ्या एकानं कार्बुरेटर साफ करण्याआधी त्याच्यापुढे नारळ फोडला आणि पाणी नेमकं आत गेलं. ते काढायला मला दोन दिवस लागले. नारळ त्यानं मला दिला, तेवढाच लाभ.

पण सांगायची गोष्ट वकीलसाहेबांची.

त्यांची गाडी जुनी, विलायती, कापडी टपाची. वकीलसाहेब कोर्टात जितके बोलत नसत तितके त्या गाडीशी बोलायचे. "तुला काय म्हणायचंय ते स्पष्ट म्हण," असं ते बॉनेटकडे बघून विचारायचे. गाडी सपाटीवर लोण्यासारखी चालायची. पण यवतमाळच्या रस्त्यावर बोरखडीचा चढ लागला की तिला खोकला यायचा, मग उचकी, मग एक फटाका, आणि जागच्या जागी उभी.

यात वाईट काय, तर बोरखडी ही वकीलसाहेबांची सासुरवाडी, आणि त्या सासुरवाडीशी त्यांचं बोलणं बंद होतं. त्यांच्या मेव्हण्यानं, दादारावानं, शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, दावा त्यांच्याकडे दिला होता. वकीलसाहेब हरले. दादाराव भर बाजारात बोलून गेला की आमच्या मेव्हण्यापरिस धुऱ्यावरची बोर कोर्टात बरी बोलली असती. त्यावर वकीलसाहेबांनी शपथ घेतली की बोरखडीच्या मातीला पुन्हा पाय लावणार नाही. त्यांनी जायचं सोडलं म्हणजे त्यांच्या बाईंचंही माहेर सुटलं. तीन वर्षं झाली होती.

आणि त्याच सुमारास बाईंची दाढ दुखायला लागली. दाताचा डॉक्टर यवतमाळला. महिन्यातून दोनदा बुधवारी वकीलसाहेब बाईंना घेऊन निघायचे, आणि दोन्हीदा गाडी बोरखडीला बसायची.

पहिल्या खेपेला वकीलसाहेब गाडीतच बसून राहिले. बाई उतरून माहेरी जाऊन आल्या. दुसऱ्या खेपेला ऊन होतं, तेव्हा दादारावानं शेजारच्या तांड्यावरच्या सोमला नाईकाला बैल घेऊन पाठवलं. बैलांनी गाडी ओढली, वकीलसाहेब सुकाणू धरून तोऱ्यात बसले, आणि गाडी दादारावाच्या अंगणात गेली. पाय मातीला लागला नाही. चहा खिडकीतून दिला. तिसऱ्या खेपेला जेवायची वेळ झाली, तर दादारावानं खाट आणून गाडीला चिकटवून लावली. वकीलसाहेब पायरीवरून थेट खाटेवर गेले, जेवले, आणि खाटेवरून थेट गाडीत. शपथ शाबूत. उतरणीला लागल्यावर गाडी आपोआप सुरू व्हायची आणि घाटंजीला मुकाट्यानं परत यायची. दाढ तशीच राहायची.

परत आले की वकीलसाहेब माझ्यावर दावा लावायचे.

मी कार्बुरेटर उघडला, धुतला, फुंकला, जोडला. हे काम मी त्यांच्याच अंगणात करायचो, आणि बाई ओट्यावर तूर निवडत बघायच्या. बघणारं कुणी असलं की माझ्या तोंडाला आवर राहत नाही. गाडी बसायला लागण्याआधीच एका सफाईला मी त्यांना पेच दाखवला होता. बाई, सगळी जादू याच्यात, म्हटलं. हा पाव फेरा आत गेला तर सपाटीवर कुणाला कळणारही नाही, पण चढावर दम तुटलाच समजा. बाईंनी हातातली तूर बाजूला ठेवून नीट ऐकलं. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं आमच्या घरी कुणी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून मी दोनदा सांगितलं.

आता एवढं धुऊन-फुंकूनही गाडी बसतच राहिली. मग मी पेट्रोलची टाकी धुतली. नळ्या बदलल्या. शेवटी सायकल काढून जागा पाहायला बोरखडीला गेलो. सोमला नाईक बैलांना पाणी पाजत होता. आमच्या धंद्याचं मला काही समजलं असेल तर ते या माणसानं सांगितलं, आणि तेही मला त्या दिवशी समजलं नाही.

तो म्हणाला, "मिस्त्री, वकील एकटा जाते तवा गाडी सुरसुर चढते. बाई संग असल्या का मंग बसते. आमच्या बापजाद्यानं बैलावर मीठ वाह्यलं. बैल रोज एकाच जागी थांबत असंन, त बैलाचे पाय नाही पाहा लागत. त्याच्यावर कोन बसलं ते पाहा लागते."

मी सायकलवर परत येताना यावर खूप विचार केला आणि चुकीच्या ठिकाणी पोचलो. मला वाटलं, हा वजनाचा मामला आहे.

गाडीची परीक्षा घ्यायची तर बाईंएवढं वजन हवं. वकीलसाहेबांकडून गाडी मागून आणली, बायकोला म्हटलं चल फिरवून आणतो. ती नवी साडी नेसून आली. मी तिच्या शेजारी सरकीचं एक पोतं ठेवलं. पोतं कशाला, तिनं विचारलं. मी खरं सांगून बसलो. चढ येईपर्यंत ती पोत्याकडे पाठ करून बसली. गाडी मात्र खोकली नाही, उचकली नाही, बोरखडीचा चढ चढून वर गेली. तेव्हा बायकोच्या ध्यानात आलं की आपण आणि पोतं मिळूनसुद्धा वकिलीणबाईंपेक्षा हलके आहोत. राग गेला. पुढचे आठ दिवस तिनं ही बातमी विहिरीवर येणाऱ्या प्रत्येकीला सांगितली.

त्यानंतरच्या बुधवारी गाडी पुन्हा बसली, आणि या खेपेला चढाच्याही आधी, नाल्यातच. वकीलसाहेब चहाच्या टपरीवर चार माणसांसमोर मला म्हणाले, "मिस्त्री, आता पुढचा बुधवार शेवटचा. बोरखडीला गाडी थांबली तर ती यवतमाळच्या मिस्त्रीकडे जाईल. मग तू स्टोव्हच कर."

चार माणसं माझ्याकडे बघत होती. असल्या वेळी गप्प बसावं एवढी अक्कल मला आजही नाही. मी म्हटलं, "साहेब, थांबली तर मी माझी पाटी उतरवीन."

टपरीवाल्यानं ते सगळ्या बाजाराला सांगितलं. शनिवारपर्यंत तर खेड्यातून आलेले लोकही दुकानापुढे थांबून पाटी वाचून जात होते, उतरायच्या आधी एकदा पाहून घ्यावी म्हणून.

मी पुन्हा कार्बुरेटर उघडला. तेव्हा पहिल्यांदा पाहिलं की पेचाच्या खाचेत पिवळं काहीतरी आहे. बोटाला लागलं. वास घेतला. हळद. मी, बारा गावच्या गाड्या ऐकलेला माणूस, याचा अर्थ काय लावला असेल? मी ठरवलं की पेट्रोलमध्ये भेसळ आहे. रॉकेलची भेसळ ऐकली होती, हळदीची नवीन निघाली असेल. ही गोष्ट मी टपरीवर सांगितलीही. लोक आजही मला तिची आठवण करून देतात.

तरी मनात किडा राहिला. मंगळवारी संध्याकाळी पेच नेमका बसवला आणि बाजारातल्या कासाराकडून लाख आणून वितळवून त्यावर ओतली. आता पेचाला कुणी हात लावला तर लाख फुटणार. बुधवारी सकाळी वकीलसाहेब पूजेला बसतात त्या वेळी मी फुंकणी घेऊन त्यांच्या अंगणात शिरलो.

बॉनेट उघडं होतं. बाई लुगड्याचा काचा मारून त्यात वाकल्या होत्या. हातात सराटा होता, ज्यानं तव्यावरची भाकर उलटतात तो.

मला पाहून त्या जराही दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं आले मिस्त्रीभाऊ. तुमची लाख काढता काढता माह्या सराट्याचं टोक वाकलं."

मी फुटलेल्या लाखेचा तुकडा उचलला.

"पाव फेराच ना? मागच्या खेपेले अर्धा झाला, त गाडी नाल्यातच बसली. दीड कोस पायी जा लागलं मले."

"बाई, हे तुमाले कोनं शिकवलं?"

"तुमीच त. ह्याच ओट्यावर. दोनदा सांगतलं." मग सराटा पदराला पुसत म्हणाल्या, "अन् मी सरकीच्या पोत्याहून जड हाओ, हेबी तुमीच गावाले सांगतलं."

मी पाटीचं बोललो. म्हटलं, बाई, मी चार माणसांत शब्द देऊन बसलो. आज गाडी थांबली तर माझं दुकान गेलं.

बाईंनी सराट्याचं वाकलेलं टोक बोटानं दाबून पाहिलं. "माह्या बाबाले आता डोयानं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मी गेली का माहा हात नाकाशी धरते. हयदीचा वास आला का म्हनते, आली काय वो. पाच मिनटं धरून ठेवते, अन् मंग सोडते. तेवढंच. तुमची पाटीबी मोठीच हाये भाऊ. मी कायले नाही म्हनू."

आतून वकीलसाहेबांच्या पूजेची घंटा वाजली, म्हणजे आता आरती आणि मग टोपी. मला विचार करायला आरतीपुरताच वेळ होता. मी पाटीचा विचार केला. पाटीला सात रुपये पडले होते, आणि रंगारी 'मेकॅनिक' दोनदा चुकला होता. मग पेचाकडे पाहिलं, आणि मला खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. खाच सराट्यानं पार खराब झाली होती.

"बाई, सराटा ठेवा," मी म्हटलं. "असं नसते करत." आणि खिशातून पेचकस काढला.

बाई अंदाजानं फिरवायच्या, म्हणून गाडी कधी नाल्यात, कधी वळणावर, कधी चढाच्या मध्यात बसायची. मला वाटलं, बसवायचीच आहे तर दादारावाच्या दारात बसवू. मी गाडी सुरू केली, फुंकणी कानाला लावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज एकसारखा होण्यासाठी नाही, तर बरोबर दीड-दोन फर्लांग चढानंतर बिघडण्यासाठी ऐकलं. पेच आत. थोडा बाहेर. केसभर आत. थांबलो.

वकीलसाहेब टोपी घालून बाहेर आले. माझा कान काळा पाहून त्यांना बरं वाटलं. "आज बरोबर झालं का?"

"साहेब, इतकं बरोबर आजवर कधी झालं नव्हतं," मी म्हटलं. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

साक्षीदार म्हणून त्यांनी मला मागच्या सीटवर बसवलं. बाई पुढे त्यांच्या शेजारी, गालाला हात लावून, कारण दाढ दुखत होती. नाला ओलांडला. वळण गेलं. चढ लागला. वकीलसाहेब खूश होऊन गाडीला म्हणाले, "बघ, तुला येतं." गाडी खरंच चढत होती, आणि मला वाटायला लागलं की मी माझं काम जास्तच चांगलं केलं. मग खोकला आला. उचकी. एक फटाका. पुढचं चाक दादारावाच्या फाटकाच्या खांबाला टेकायला वीतभर राहिलं आणि गाडी उभी राहिली.

सोमला नाईक बैल जुंपून नाल्याकडे निघायच्या तयारीत होता. त्यानं गाडीकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, माझ्या कानाकडे पाहिलं, आणि बैल सोडले. "आज आमचं कामच नाही ठेवलं," तो जरा नाराजीनंच म्हणाला.

खाट आली. वकीलसाहेब पायरीवरून खाटेवर गेले. त्यांचं आणि दादारावाचं बोलणं अजूनही बंद होतं, म्हणून त्या दिवशी ते माझ्यामार्फत चाललं. दादाराव म्हणायचा, मिस्त्री, त्याहिले विचारा भाजीत तिखट चालते काय. वकीलसाहेब तीन हातांवरून म्हणायचे, मिस्त्री, त्यांना सांगा मागच्यापेक्षा जास्त चालेल. मी दोन्ही निरोप पोचवत होतो आणि वांग्याची भाजी खात होतो. उघड्या दारातून आतलं दिसत होतं. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. बाईंचा हात त्यानं दोन्ही हातांत नाकाशी धरला होता. पाच मिनिटं म्हणाल्या होत्या. माझी भाकर संपली, दुसरी आली, तीही संपली. हात तिथंच होता.

परतीच्या उतरणीवर गाडी सुरू झाली. घाटंजीला माझ्या दुकानापुढे वकीलसाहेबांनी ती उभी केली आणि एकच शब्द म्हणाले, "पाटी."

मी शिडी आणली. बघायला टपरीवरचे सगळे होते. पाटी बायको घेऊन गेली. आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याला दार नव्हतं, ते झालं. पुढे कित्येक दिवस रोज सकाळी 'मोटार मेकॅनिक' सरकवलं की मागून कोंबड्या बाहेर यायच्या.

गाडी यवतमाळला गेली आणि नीट होऊन आली. तिथल्या मिस्त्रीनं खाच गेलेला पेच फेकून नवा बसवला म्हणे, इतका घट्ट की सराट्याला हलणार नाही. मी स्टोव्ह करत राहिलो. लोक स्टोव्ह द्यायला आले की आधी विचारायचे, यात हळद तर नाही ना? वाईट वाटायचं ते याचं नाही. आयुष्यात एकदा हातून असं काम झालं की उस्तादानंही स्वतःचा कान पकडला असता, आणि ते सांगायची सोय नव्हती. कापसाच्या जिनिंगचा ट्रक, येणारी-जाणारी वाहनं, सगळी चालू करणं सोपं. नेमक्या फाटकाशी बंद पाडून दाखवावी एखाद्यानं.

दीड-दोन महिने गेले. एका दुपारी वकीलसाहेब आले. पायी. मी उठून स्टूल पुसून दिलं. ते बसले, एका कंदिलाची काच हातात घेऊन उन्हात धरली, फुंकली, ठेवली. मग म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही कसे आहात?"

यापूर्वी ते मला कधी 'तुम्ही' म्हणाले नव्हते. मी सावध झालो. विचारलं, गाडीत काही बिघाड?

"बिघाड नाही. तीच तक्रार आहे." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "गाडी कुठं थांबत नाही. हिची दाढ दुखत नाही. घरात भांडण नाही, बोलणंच नाही तर भांडण कुठून. परवा एकटाच यवतमाळला निघालो होतो. बोरखडी आली. दादारावानं अंगणात खाट काढून ठेवली होती. वर नवी चादर. बाजूला तांब्या-भांडं. आणि तो फाटकाला टेकून रस्त्याकडे बघत उभा."

"मग?"

"मग काय. गाडी चांगली चालत होती. गेलो पुढे." त्यांनी कंदिलाची काच पुन्हा उचलली आणि पुन्हा ठेवली. "धडधाकट गाडी मध्येच उभी कशी करायची, मिस्त्री? काय सांगायचं? काहीतरी कारण लागतं."

मी म्हटलं, साहेब, नवा पेच आहे, मला आता नव्यानं अंदाज घ्यावा लागेल.

"पाव फेरा," वकीलसाहेब म्हणाले. "आतल्या बाजूनं." आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता पुढं म्हणाले, "ओट्यावर दोनदा सांगितलेलं आत ऐकू येतं, आणि हिच्या वाकलेल्या सराट्याला अजून लाख चिकटलीय. पाटी कुठं आहे तुमची? गाडी काय बिनपाटीच्या माणसाला द्यायची मी?"

मी फुंकणी आणायला घरात गेलो, आणि येताना खुराड्याचं दार काढून घेतलं.

त्यावर बायको मागून बरंच काही बोलली म्हणतात. तिच्या बाजूचा कान माझा घरचा.